नानम्माला गप्प बसवू नका

पत्र

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं, घरी शेती. सासर सोलापुरात, पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर समाजातलं. आमचा प्रेमविवाह. दोन्हीकडच्यांनी आधी नाकं मुरडली, मग मान्य केलं. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. मुलगा पावणेतीन वर्षांचा. मी नोकरी करते, दिवसभर मुलं सासूबाईंकडे. त्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या, मराठी त्यांना कामापुरतंच येतं. त्या मुलांशी तेलुगूत बोलतात, मी मराठीत. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतात. आईशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलतात.

मुलगा ‘नीळ्ळु पाहिजे’, ‘अन्नम नको’ असं मिसळून बोलतो. प्ले ग्रुपच्या बाई म्हणाल्या, दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरात एकच भाषा ठेवा. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी सासूबाईंना सांगितलं, बाळाशी मराठीतच बोला. तेव्हापासून त्या त्याच्याशी फारसं बोलतच नाहीत. मुलीचं वेगळंच. नानम्मा, म्हणजे सासूबाई, शाळेच्या गेटवर आल्या की ती मान खाली घालते. परवा म्हणाली, ‘मी तेलुगू नाहीच, मी आईसारखी मराठी.’ माझ्या आईला ते ऐकून बरं वाटलं, मला मात्र कसंतरी झालं. बतुकम्मा हा सासरकडचा फुलांचा सण सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो, तर आई म्हणते त्या दिवशी मुलीला फुलांच्या खेळात पाठवू नको. नणंद ‘ही आमची सून’ म्हणत माझ्या मुलीला स्वतःच्या मुलावरून चिडवते. जेवताना सगळे तेलुगूत बोलतात, हसतात, मला कळत नाही. मुलांना कोणतं तरी एकच धरून वाढवावं का? आणि धाकट्याला कोणत्या माध्यमात घालू?

— एक आई, सोलापूर

उत्तर

आधी सासूबाईंचं बोलू. बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही. बाळाशी तेलुगूत बोलू नका असं तुम्ही त्यांना काळजीपोटी सांगितलंत. पण ते सांगणं आजच मागे घ्या.

तुम्ही कामावर गेल्यापासून परत येईपर्यंत बाळ त्यांच्याजवळ असतं. त्याला भरवणं, झोपवणं, पडला की उचलून समजूत काढणं, दारावरून काय चाललंय ते दाखवणं, हे सगळं त्या न अडखळता करू शकतात ते तेलुगूत. तेलुगू बंद केलं की त्याला मराठी जास्त मिळेल, असा तुमचा हिशोब होता. झालं असं की त्याला एकूण बोलणंच कमी मिळायला लागलं. कामापुरतं मराठी येणारी बाई नातवाशी मराठीत किती बोलणार? ये, बस, खा, नको. त्यात अंगाई नाही, गोष्ट नाही, लाडाची बडबड नाही, खोटं खोटं रागावणं नाही. पावणेतीन वर्षांचं मूल भाषा शिकतं ते याच बडबडीतून, आणि तीच तुमच्या घरात दोन महिने बंद आहे.

बाईंनी जे सांगितलं ते त्यांनीही कोणाकडून तरी ऐकलेलं असणार. आपल्याकडे हे मत फार पसरलेलं आहे आणि शिकलेली माणसंही ते ठामपणे सांगतात. पण भाषा आणि मुलं यांचा अभ्यास करणारे आज ते मानत नाहीत. जन्मापासून दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलायला मागे पडत नाही. दोन भाषांतली मुलं मिसळून बोलतात, कारण जो शब्द आधी सापडेल तो ती वापरतात. ‘नीळ्ळु पाहिजे’ हे नीट पाहा. त्याला पाणी हवंय, ते त्यानं सांगितलं, शब्द जागच्या जागी बसवले आणि समोरच्याला कळलं. यात गोंधळ कुठे आहे? चार-पाच वर्षांचा होईपर्यंत कोणाशी काय बोलायचं ते तो आपोआप वेगळं करू लागेल. खरं तर आताही तो थोडंफार करत असेल. आठवडाभर कान देऊन बघा: नानम्माशी बोलताना त्याचे तेलुगू शब्द जास्त येतात का आणि तुमच्याशी बोलताना मराठी?

एक काम मात्र करा. कागद घ्या, दोन रकाने आखा, आणि तो जे जे शब्द स्वतःहून बोलतो ते आठवडाभर लिहून काढा, एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात तेलुगू. तेलुगूचा रकाना सासूबाईंना विचारल्याशिवाय भरता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. मग दोन्हींची बेरीज करा. नुसतं मराठी मोजलं तर असं मूल मागे वाटतं, कारण त्याचं निम्मं सामान दुसऱ्या खोलीत असतं.

काळजी करावी अशा खुणा वेगळ्या असतात, त्याही सांगते. हाक मारली, मागून टाळी वाजवली तरी मूल वळत नाही. दीड वर्षापर्यंत कोणत्याच भाषेत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही. किंवा आधी बोलत होता ते शब्द विसरायला लागला. यातलं काही असेल तर वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कानांची तपासणी करून घ्या. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही कान-नाक-घशाचा विभाग आहे. तुमच्या पत्रातला मुलगा दोन शब्द जोडतोय, नको-हवं सांगतोय. पत्रावरून तरी मला त्यात धोक्याचं काही दिसत नाही. आणि समजा उद्या एखाद्या मुलाला खरंच बोलण्याची अडचण निघाली, तरी त्याची एक भाषा काढून घेणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

तर सासूबाईंकडे जा. एकट्या नको, मिस्टरांना बरोबर घ्या, म्हणजे मधे कोणी अर्थ लावायला लागणार नाही. सरळ सांगा: ‘अम्मा, मी बाईंचं ऐकून तुम्हाला थांबवलं. बाळाला तुमचं तेलुगू हवंय. तुमच्या गोष्टी, तुमची गाणी, सगळं पहिल्यासारखं चालू करा.’ आणि हे मुलीच्या देखत सांगा. ते महत्त्वाचं आहे, कारण दोन महिन्यांपूर्वी नानम्माची भाषा बंद झाली ती तिनं पाहिली आहे. गेटवर मान खाली घालणं आणि घरात नानम्मा गप्प होणं या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, पण आठ वर्षांची पोर जे दिसतं त्यावरून अर्थ काढते. बाळासाठी नको असलेली भाषा तिच्या कामाची कशी असेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन भाषा, दोन रीती, दोन देवघरं मुलं सहज पेलतात. पण त्यातली एक उजवी आणि एक डावी असं घरात आणि बाहेर ठरलं, की मूल ते पटकन ओळखतं आणि डाव्या बाजूच्या माणसापासून लांब सरकतं. मग ते माणूस कितीही मायेचं असो.

आपल्या शहरात हे उजवं-डावं आहे, ते नाकारून चालणार नाही. ‘पूर्व भागातली’ हे दोन शब्द काही घरांत कोणत्या सुरात म्हटले जातात ते तुम्ही लग्न ठरताना ऐकलं असेलच. मुलांनाही तो सूर ऐकू येतो. शाळेत कोणी तिच्या नानम्माच्या बोलण्याची नक्कल केली असेल. माहेरी गेल्यावर एखादा मामा गमतीनं तेलुगूसारखं काहीबाही बोलून सगळ्यांना हसवत असेल. तसं होत असेल तर मामाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की हे पोरीसमोर करायचं नाही. त्याला ती गंमत वाटते, तिच्यासाठी तो तिच्या बापाचा आणि आजीचा अपमान आहे.

मुलीला रागावू नका. ‘नानम्माशी असं वागतेस, लाज नाही वाटत?’ असं विचारलं की एका लाजेवर दुसरी लाज चढते. त्यापेक्षा निवांत वेळी, वेणी घालताना वगैरे, विचारा की गेटवर कोणी काही म्हणतं का. सांगेल. नाही सांगितलं तर आठवड्यानं पुन्हा विचारा. वर्गशिक्षिकेच्या कानावरही घाला. पूर्व भागातल्या कोणत्याही वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं असतातच. बाईंनी एक दिवस प्रत्येकाच्या घरच्या भाषेतलं एकेक गाणं म्हणायला लावलं तरी पुष्कळ काही सैल होईल.

‘मी आईसारखी मराठी’ यावर तुम्ही काय बोलावं? ‘हो, मराठी आहेसच. आणि पप्पांची, नानम्माची तेलुगूसुद्धा आहेस.’ बस. ‘अर्धी हे, अर्धी ते’ असं कोणालाही म्हणू देऊ नका. अर्धी या शब्दानं मुलांना उणं वाटायला लागतं. ती दोन्हीकडे पूर्ण आहे.

आणि तिला नानम्माची ओळख करून द्या. रोज भेटणाऱ्या माणसाची ओळख नसते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, तीच ती जुनी मिल. गिरण्या आणि माग वाढले तसे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, विणकर कुटुंबं कामासाठी इथं येत राहिली. ज्या चादरीनं सोलापूरचं नाव गावोगावच्या अंथरुणापर्यंत पोचवलं, ती विणणाऱ्या हातांत पद्मशाली हात फार मोठ्या संख्येनं आहेत. घरातल्या बायकांनी विड्या वळल्या. त्या कामाची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते. तिसरीतल्या मुलीला हजार म्हणजे किती ते आता कळतं. तिला विचारायला लावा: नानम्मा, दिवसात किती वळायचीस? तेंदूची पानं मापानं कशी कातरायचीस? दोरा कसा बांधायचीस? हाताचा वेग बघून ती थक्क होईल. पप्पांची शाळेची फी त्या हातांनी भरली असेल, तर तेही तिला कळू द्या. या मुलाखती तेलुगूतच होतील, नानम्माला दुसऱ्या भाषेत ते सांगताच येणार नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा शाळेतल्या दोन मैत्रिणींना घरी बोलवा आणि मुलीलाच त्यांना रथ दाखवू दे. मैत्रिणींना काय काय आहे ते समजावून सांगायची पाळी तिच्यावर आली पाहिजे.

आता मिस्टरांकडे वळते. हे पत्र त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही लिहिलंय, ते आईशी तेलुगूत आणि मुलांशी मराठीत बोलतात. म्हणजे मुलांच्या दृष्टीनं तेलुगू ही म्हाताऱ्या माणसांशी बोलायची भाषा झाली. पप्पा, जे गाडी चालवतात, मोबाइल दुरुस्त करतात, कारखान्यात हिशोब बघतात, ते स्वतःच्या मुलांशी तेलुगूत एक वाक्य बोलत नाहीत. मग मुलीनं ती का धरावी? कदाचित लहानपणी त्यांनीही गेटवर मान खाली घातली असेल, आणि मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणून ते मराठीत बोलत असतील. हे मी अंदाजानं म्हणते. तुम्ही त्यांना विचारा. पण सासूबाईंची भाषा टिकवण्याचं काम मराठी सुनेनं करायचं आणि तेलुगू मुलानं बघत बसायचं, हे बरोबर नाही. ते त्यांचं काम आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१३ साली, रोंजा नावाच्या फ्रेंच भाषाभ्यासकानं आपल्या मुलाच्या बोलण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तो स्वतः मुलाशी फक्त फ्रेंच बोलायचा, आई फक्त जर्मन. एका माणसाची एक भाषा, हा नियम तेव्हापासून जगभर सांगितला जातो. चांगला आहे, पण तुमच्या घरात तो काटेकोर पाळायला जाऊ नका. चाळीवजा घरात, पाहुणे येत-जात असताना, कोण असा नियम पाळणार? त्यापेक्षा वेळ बांधून घ्या. रात्री झोपताना पप्पांची गोष्ट तेलुगूत. रविवारी सकाळी दोन्ही पोरांना गाडीवर घेऊन सिद्धेश्वर तलावाला फेरी, तीही तेलुगूत. मुलगी मराठीत उत्तर देईल. देऊ दे. त्यांनी तेलुगू सोडू नये आणि तिला ‘तेलुगूत सांग’ असं दटावूही नये. सहा महिने, वर्ष जाईल, पण कान तयार होईल, आणि तयार कानाची जीभ कधीतरी सुटते.

मराठीची काळजी तुम्ही मुळीच करू नका. शाळा, दुकान, मैत्रिणी, रिक्षा, सगळीकडून मराठी येणारच आहे. ज्याला रस्त्यावर पाणी मिळतं त्या झाडाला घरातलं पाणी थोडं कमी पडलं तरी चालतं. तुमच्या घरात तेलुगूला पाणी घालायची गरज आहे. म्हणून दोन्हींना सारखा वेळ, सारखा मान अशी तराजू घेऊन बसू नका. दुबळ्या बाजूला झुकतं माप द्या.

जेवतानाचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. इतकी वर्षं रोज रात्री ताटावर बसायचं, सगळे हसतात तेव्हा का हसले ते कळायचं नाही, आपल्याविषयी तर नसेल ना असं वाटत राहायचं. अशी भाषा मुलांच्या तोंडी आली तर आईला पूर्ण आनंद होणं अवघडच आहे. बाईंचा सल्ला तुम्हाला इतक्या लवकर पटला, त्यात या ताटावरच्या एकटेपणाचाही भाग असावा. त्यात तुमचा दोष नाही. ज्यांनी तुम्हाला त्या घरात आणलं त्यांनी निदान अर्थ तरी सांगायला हवा होता.

दोन गोष्टी ठरवून घ्या. ताटावर कोणाला न कळणारं काही बोललं गेलं, हसलं गेलं, की मिस्टरांनी लगेच दोन वाक्यांत मराठीत सांगायचं, मागितल्याशिवाय. आणि तुम्ही स्वतः तेलुगू शिका. तुमच्या मुलीकडून शिका. तुम्ही चुकाल, ती हसेल, दुरुस्त करेल. जी भाषा आई कष्टानं शिकतेय ती लाजेची कशी असेल, हे तिला वेगळं समजवावं लागणार नाही. सुरुवात भाजीपासून, नात्यांपासून, रागाच्या शब्दांपासून करा. व्याकरणाचं पुस्तक नको. तुमच्या कानावर इतकी वर्षं तेलुगू पडतंय, तुम्हाला वाटतं त्याहून बरंच आत मुरलेलं असेल.

सणांचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, पण ती गाठ सुटण्यासारखी आहे. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. सकाळी गुढी उभारा, कडुनिंबाची पानं-गूळ-ओवा खा, आणि नानम्मा कडुनिंबाचा मोहोर, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट घालून पच्चडी करतील तीही वाटीभर घ्या. संक्रांतीच्या दिवसांत तुमच्याकडे बोरन्हाण, त्यांच्याकडे भोगीला लेकरांच्या डोक्यावरून बोरं ओतायची रीत. धाकटा अजून त्या वयात आहे. दोन्ही आज्यांना एकाच पाटापाशी बसवा. आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा तर कोणा एकाची नाहीच. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि अक्षता टाकायला संमती कट्ट्याभोवती उभ्या राहणाऱ्या गर्दीत कन्नडचा एक शब्द न कळणारी हजारो माणसं असतात. कोणी त्यांना विचारत नाही, तुम्ही कुठले.

बतुकम्माचं मात्र तुमच्या आईशी नीट बोला. त्यांच्या मनात अमावास्या आहे, पितरांचा दिवस आहे, आणि नात लहान आहे. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. सांगा की तेलंगणातही ती पितरांचीच अमावास्या मानतात, दिवसा पितरांचं करतात आणि संध्याकाळी गौरीचा फुलांचा खेळ मांडतात. फुलांचे थर, वर हळदीची गौरम्मा, भोवती टाळ्या वाजवत बायका फेर धरतात. तुमच्या आईनं लहानपणी हादगा, भोंडला खेळला असेल तर फेर आणि गाणी त्यांना परकी वाटायची नाहीत. आणि एक युक्ती सांगते. बतुकम्माला तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूची तुरेदार फुलं लागतात. तुमच्या वडिलांच्या बांधावर दोन्ही उगवत असतील, आणि कुर्डू तर ते तण म्हणून उपटत असतील. यंदा आजोबांना सांगा, नातीसाठी पिशवीभर फुलं घेऊन एसटीनं या. ज्यांची फुलं तबकात आहेत, त्यांना तो खेळ परका राहणार नाही. तरीही आई म्हणाल्या की मला पटत नाही, तर त्यांना नको म्हणू द्या. त्या दिवशी तुमची मुलगी बापाच्या घरी असते आणि तिथली रीत पाळते, एवढं पुरे.

मी हे साम्य दाखवतेय म्हणून ‘सगळं सारखंच असतं’ असं मात्र मुलांना शिकवू नका. सारखं नसतं. तुमच्या आईची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वेगळी, नानम्माची तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी वेगळी. फरक कळले म्हणून मूल दुरावत नाही. उलट दोन रीती शेजारी शेजारी पाहिलेलं पोर लवकर शिकतं की आपली पद्धत ही जगातली एकच पद्धत नाही.

आणि रीत आहे म्हणून सगळंच जपायचं असंही नाही. नणंदेचं ‘ही आमची सून’ हे बंद व्हायला हवं. आत्याच्या मुलाशी लग्न ही चाल तेलुगू घरांत आहे, मराठी घरांतही मामाच्या मुलीवर हक्क सांगणारे आहेत, तेव्हा हा एका समाजाचा दोष म्हणून मी सांगत नाही. रक्ताच्या जवळच्या नात्यांत लग्न झालं की काही आनुवंशिक आजारांचा धोका मुलांमध्ये वाढतो, ही एक गोष्ट. त्याहून मोठी ही की आठ वर्षांच्या मुलीला घरातल्याच पोराची बायको म्हणून चिडवलं की ती त्या पोराशी मोकळेपणानं खेळू शकत नाही. स्वतःच्या अंगाकडे, वागण्याकडे ती वेगळ्या नजरेनं बघायला लागते. हे सांगायचं काम भावानं बहिणीला करावं. ‘अक्का, ही चेष्टा आजपासून नको, पोरीला त्रास होतो.’ तुम्ही सांगितलंत तर ‘मराठी सुनेला आमची गंमत कळत नाही’ असं होईल, आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

बार्शीला मुलांना सुट्टीत पाठवत राहा, आठ-पंधरा दिवस, तुमच्याशिवायसुद्धा. भगवंताच्या देवळात जाऊ दे, रानात हुरडा खाऊ दे. फक्त तुमच्या आईला आणि सासूबाईंना, दोघींनाही, एक विनंती करा: ‘कुठली आजी जास्त आवडते?’ हा प्रश्न मुलांना कधी विचारायचा नाही. मुलं समोर बसलेल्या आजीचं नाव घेतात, आणि दुसरीशी खोटं वागल्यासारखं वाटून घेतात. ‘मी मराठी’ म्हटल्यावर तुमच्या आईला बरं वाटलं, ते नातीनं टिपलं असेल. त्यांना रागावून नाही, पण सांगा की आई, ती तुझीच आहे, त्यासाठी तिला बापाकडचं टाकायला लावू नकोस.

माध्यमाचं शेवटी. राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे कुठंही घातलंत तरी धाकटा मराठी वाचेल-लिहील. तेलुगू माध्यमाच्या शाळा आपल्या शहरात आहेत, पण घरात मराठी आई आणि पुढचं शिक्षण पाहता मी तुम्हाला तिकडे ढकलणार नाही. माझा कौल मराठी माध्यमाला. मोठी मराठीतच शिकत असेल तर दोघांना एकमेकांची पुस्तकं, कविता मिळतील. इंग्रजी माध्यमात घालायचं ठरवलंत तरी बिघडत नाही, मात्र मग घरात कोणी इंग्रजी झाडायला सुरुवात करू नका, नाहीतर नानम्माच्या भाषेवर अजून एक थर चढेल. तेलुगू अक्षरं पप्पांनी किंवा नात्यातल्या कोणी घरी शिकवावीत, मुलगी दहा वर्षांची झाल्यावर, मराठी वाचन पक्कं झालं की. रविवारचा अर्धा तास पुरतो. आणि शाळा निवडताना घरापासूनचं अंतर बघा. सासूबाईंना चालत जाऊन त्याला आणता येईल एवढी जवळची शाळा असू द्या.